तबकडी परत आली. आवाज परत आला का?

अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी तिथे सीडी विकल्या गेल्या सुमारे ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच तबकडीने सीडीला मागे टाकले. जी वस्तू कालबाह्य झाली म्हणून आपण माळ्यावर टाकली, ती पुन्हा दुकानाच्या दर्शनी भागात आली.

या तबकड्यांमध्ये जुन्या संगीताच्या नव्या आवृत्त्या पुष्कळ असतात. १९८५ ते २००० या काळात गाजलेल्या ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ नावाच्या संगीताला तर फार मागणी आहे. वेष्टनावर ‘मूळ फितीवरून रीमास्टर केलेले’, ‘१८० ग्रॅम वजनाची तबकडी’ अशी वाक्ये असतात. घेणारे सांगतात, ‘सीडीपेक्षा हा आवाज जिवंत वाटतो.’ तीच तबकडी घेतलेले दुसरे काही जण म्हणतात, ‘पैसे वाया गेले, हा तर सीडीचाच आवाज खाचेत कोंबलेला आहे.’

यातले खरे कोण? हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे म्हणून तो सोडून देता येईल. पण त्यामागे पदार्थविज्ञान आहे, कारागिरी आहे आणि व्यापारही आहे. हे तीन धागे सुटे केले की दोन्ही बाजूंचे म्हणणे कुठे खरे ठरते आणि कुठे नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते. त्यासाठी आधी तबकडीकडेच जरा बारकाईने पाहू.

खाचेचे गणित

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यानंतर दहा वर्षांनी एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या तबकड्या लाखेपासून बनत आणि ही लाख मोठ्या प्रमाणात आपल्या देशातून जात असे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली. ती लाखेची नव्हती, व्हिनाइल या प्लॅस्टिकची होती. आज परत आली आहे ती हीच.

बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकच लांबलचक नागमोडी खाच असते. बाजू २० मिनिटांची असेल तर खाचेचे सुमारे ६६७ वेढे होतात. ही खाच सरळ केली तर ती ४०० मीटरपेक्षा जास्त भरेल. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांत जागा मिळते सरासरी ०.१३ मिलिमीटर.

आता वेग काढू. तबकडी सेकंदाला ०.५५६ फेरे घेते. बाहेरच्या कडेला त्रिज्या सुमारे १४.६ सेंटिमीटर, म्हणून खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. आतल्या टोकाला त्रिज्या ६ सेंटिमीटर, तिथे हा वेग फक्त २१ सेंटिमीटर. १०,००० हर्ट्‌झचा स्वर घेतला तर बाहेरच्या कडेला त्याची एक लहर ५१ मायक्रॉन लांबीची असते आणि आतल्या कडेला २१ मायक्रॉनची. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढ्या दाट वळणांतून अशी सुई नीट जाऊ शकत नाही. म्हणूनच बाजूचे शेवटचे गाणे बहुधा थोडे भरड ऐकू येते. तबकडीच्या मांडणीतच असलेला हा दोष आहे. रीमास्टरिंग कितीही चांगले असो, तो पुरता जात नाही.

१८० ग्रॅमचे काय? खाच एका मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच खोल असते. खालचे प्लॅस्टिक जाड असले म्हणून ती बदलत नाही. जाड तबकडी वाकण्याची शक्यता कमी, एवढा फायदा मानता येईल.

सुईला झेपेल तेवढेच

खाच कोरणाऱ्या यंत्रापुढे दोन अडचणी असतात. खर्जाच्या स्वरांना सुई फार लांब झुलते आणि शेजारच्या वेढ्यात घुसू पाहते. उलट वरचे स्वर इतके बारीक असतात की ते पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातात. यावर तोडगा असा: कोरताना खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि वरचे स्वर वाढवायचे, वाजवताना नेमके उलट करायचे. ही वाढघट किती असावी याचे प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. २० हर्ट्‌झला आवाज सुमारे २० डेसिबल कमी केला जातो, म्हणजे आयाम एकदशांश होतो. २०,००० हर्ट्‌झला तो जवळजवळ तेवढाच वाढवला जातो.

एवढे करूनही मर्यादा उरतात. आवाज जितका मोठा, तितकी खाच रुंद आणि तितकी मिनिटे कमी. गायकाचा ‘स’ फार तीक्ष्ण असेल तर कोरणारे यंत्र तापते आणि वाजवणारी सुई चाचपडते. डाव्या आणि उजव्या बाजूचा खर्ज एकमेकांच्या विरुद्ध झुलत असेल तर खाच इतकी उथळ होते की सुई उडते. म्हणून फितीवरचे संगीत तबकडीसाठी तयार करणारा एक स्वतंत्र कारागीर लागत असे. त्याच्या कामाला मास्टरिंग म्हणतात. काय किती ठेवायचे, काय आवरायचे, कोणते गाणे बाहेर आणि कोणते आत घ्यायचे, हे तो कानाने ठरवी. पुढे मऊ लाखेरी थर दिलेल्या तबकडीवर तापलेल्या माणकाच्या टोकाने खाच कोरली जाई. तिच्यावर चांदीचा मुलामा, मग निकेलचे विद्युत विलेपन, आणि त्यावरून छापे. ही पद्धत आजही चालू आहे.

हळू आणि जोरात

१९८० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये लहान कंपन्या आणि महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे यांच्या आधाराने ऑल्टरनेटिव्ह रॉक वाढले. आर.ई.एम., सॉनिक यूथ, पिक्सीज ही त्यातली काही नावे. पिक्सीजच्या गाण्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. कडवे हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखे, आणि ध्रुवपद एकदम कडाडणारे. निर्वाणा या वाद्यवृंदाने ही रीत उचलली. आपल्यावर पिक्सीजचा प्रभाव असल्याचे त्याचा गायक कर्ट कोबेन याने स्वतःच सांगितले होते. १९९१ साली निर्वाणाची ‘नेव्हरमाइंड’ आली आणि हे संगीत घराघरांत पोहोचले.

या संगीतात हळू आणि जोरात यांतला फरक हाच रचनेचा कणा आहे. तो फरक पुसला तर गाण्याचा अर्धा अर्थ जातो. आणि नेमका याच काळात तो फरक पुसणारा एक प्रवाह सुरू झाला.

छताला टेकलेला आवाज

सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यात आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतले अंतर त्यामुळे सुमारे ९६ डेसिबल मिळते. चांगल्या तबकडीला ६० ते ७० डेसिबलवर समाधान मानावे लागते. डावी आणि उजवी बाजू वेगळी ठेवण्यातही सीडी कितीतरी पुढे आहे. कागदावर पाहिले तर सीडी सरळ जिंकते.

पण सीडीला एक छत आहे. सर्वांत वरच्या पायरीच्या वर काहीच नाही. आता एखाद्याला आपली सीडी इतरांपेक्षा मोठ्याने वाजावी असे वाटले तर काय करणार? शिखरे तर छताला टेकलेली. मग शिखरे कापायची किंवा दाबायची आणि बाकीचा सगळा आवाज वर उचलायचा. हे काम फार सफाईने करणारी डिजिटल साधने १९९४ च्या सुमारास हाती आली.

मोठ्याने का? याचे उत्तर कानात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, आवाज वाढला की तो भरून येतो. त्यामुळे तेच गाणे थोडे मोठ्याने लावले तर ते ‘मोठे’ न वाटता ‘चांगले’ वाटते. रेडिओवर एकामागून एक दोन गाणी लागली तर हळू असलेले फिके पडते. प्रत्येक कंपनीला हे कळले आणि चढाओढ सुरू झाली. ओएसिसचा १९९५ चा ‘मॉर्निंग ग्लोरी’ आणि रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा ‘कॅलिफोर्निकेशन’ हे त्या चढाओढीचे नेहमी दिले जाणारे दाखले आहेत. ‘कॅलिफोर्निकेशन’मध्ये आवाज छताला इतका आदळला आहे की तो अनेक ठिकाणी फाटतो.

तबकडीवर अशी चढाओढ फार ताणता येत नाही. जोर वाढवला की खाच रुंद होते, मिनिटे संपतात, सुई उडते. व्हिनाइलची उणीव इथे लगाम ठरली. तबकडीचा आवाज ‘जिवंत’ वाटतो असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे, ते मुख्यतः इथे आहे. आवाज चांगला झाला तो व्हिनाइल या पदार्थामुळे नव्हे, तर त्या पदार्थासाठी कारागिराने हात राखून काम केले म्हणून.

रीमास्टर झाले म्हणजे काय झाले?

रीमास्टर या शब्दाचा अर्थ एवढाच: जुनी फीत घेऊन मास्टरिंगचे निर्णय पुन्हा घेतले. ते निर्णय चांगलेच असतील अशी हमी त्या शब्दात नाही.

‘नेव्हरमाइंड’चेच पाहू. १९९१ ची मूळ सीडी बऱ्यापैकी मोकळी आहे. २०११ साली विसाव्या वर्षानिमित्त तिची रीमास्टर केलेली आवृत्ती आली. तोवर चढाओढ शिगेला पोहोचली होती. नवी आवृत्ती मूळ सीडीपेक्षा ठळकपणे जास्त दाबलेली निघाली आणि त्याबद्दल तिच्यावर टीका झाली. म्हणजे ‘नवी’ आवृत्ती हळू आणि जोरात यांतला फरक राखण्यात जुनीपेक्षा मागे होती. २०२१ च्या आवृत्तीसाठी अर्ध्या इंचाच्या मूळ स्टीरिओ फिती पुन्हा काढल्या आणि सेकंदाला १,९२,००० मोजण्या व २४ बिट इतक्या बारकाईने त्यांची डिजिटल नक्कल केली. ही आवृत्ती ‘मूळ फितीवरून’ आहे हे खरे, पण वाटेत डिजिटल टप्पा आहे, हेही खरे. दोन्हींत विरोध नाही.

उलट उदाहरण ‘कॅलिफोर्निकेशन’चे. २०१२ साली तो व्हिनाइलवर नव्या मास्टरिंगसह आला. हे काम सीडीच्या दाबलेल्या आवाजावरून केलेले नव्हते, त्याच्या अगोदरच्या फितीवरून होते. म्हणून तो ऐकताना ढोलाचा ठोका पुन्हा ठोक्यासारखा लागतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या १९९१ च्या ‘लव्हलेस’वर केव्हिन शील्ड्‌स याने अनेक वर्षांनी पुन्हा काम केले आणि २०१८ मध्ये मूळ फितीपासून खाचेपर्यंत कुठेही डिजिटल टप्पा नसलेली तबकडी काढली.

वेग आणि जागा यांचाही विचार चांगल्या आवृत्तीत दिसतो. स्टीव्ह अल्बिनी याने १९९३ साली निर्वाणाचा ‘इन युटेरो’ ध्वनिमुद्रित केला. त्याच संगीताचे नवे मिश्रण २०१३ साली ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर आले. ३३⅓ ऐवजी ४५ म्हणजे खाचेचा वेग १.३५ पट आणि प्रत्येक लहरीलाही तितकीच जास्त जागा. स्मॅशिंग पम्पकिन्सचा १९९५ चा सुमारे दोन तासांचा ‘मेलन कॉली’ दोन सीडींवर मावला होता. १९९६ साली तो तीन तबकड्यांवर काढला, तर २०१२ साली चार. उलट, सीडीसाठी रचलेला तासाभराचा संग्रह एकाच तबकडीवर कोंबला, की खाच बारीक होते, आवाज खाली घ्यावा लागतो आणि खरखर वर येते. नाराज ग्राहकांची तक्रार अशा वेळी रास्त असते.

फीत कुठे आहे?

सगळे शेवटी मूळ फितीपाशी येऊन थांबते. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात मोठी आग लागली. तिथे ध्वनिमुद्रणांच्या मूळ फितींचाही साठा होता. नुकसान किती मोठे असावे याची चर्चा उघडपणे सुरू झाली ती २०१९ साली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर विस्ताराने लिहिल्यावर. नेमके किती गेले यावर वाद आहे. पण साउंडगार्डन या वाद्यवृंदाच्या १९९१ च्या ‘बॅडमोटरफिंगर’च्या मूळ फिती त्यात सापडल्या. २०१६ साली त्याची नवी आवृत्ती निघाली ती राखीव नकलेवरून. अशा ठिकाणी कितीही जाड व्हिनाइल वापरले तरी नकलेत जे नाही ते खाचेत येणार नाही.

आणि फीत हाती असली तरी वेष्टनावरच्या शब्दांवर किती विसंबावे? मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी जुन्या संगीताच्या महागड्या तबकड्यांसाठी नावाजलेली. तिचे चाहते तिच्याकडे शुद्ध, डिजिटल स्पर्श नसलेल्या आवाजासाठी पाहत. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या तंत्रज्ञांनीच सांगितले की अनेक वर्षे बऱ्याच तबकड्यांच्या कामात एक डिजिटल टप्पा वापरला जात होता. ग्राहक संतापले. न सांगता हे केले याबद्दलचा त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. डिजिटल आवाज आपण ऐकताक्षणी ओळखतो असे म्हणणाऱ्यांनीच याच तबकड्यांची वर्षानुवर्षे वाखाणणी केली होती. चांगल्या प्रतीचा डिजिटल टप्पा कानाला कळत नाही, हे यातून न ठरवता झालेल्या प्रयोगासारखे दिसून आले.

खरे तर हे नवे नव्हते. कोरणाऱ्या यंत्राला पुढे मोठा आवाज येणार आहे हे आधी कळावे लागते, म्हणजे ते वेढ्यांमध्ये जागा सोडू शकते. एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे सूचना साधारण तितकी आधी हवी. पूर्वी यासाठी फितीच्या यंत्राला एक जादा वाचक-शीर्ष असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी त्याऐवजी डिजिटल विलंब-यंत्र आले. कोरण्यासाठी जाणारा आवाज त्यातूनच जाई. १९८० च्या दशकातल्या ‘जुन्या, अस्सल’ तबकड्यांपैकी कितीतरी या वाटेने आलेल्या आहेत.

आकडाही फसवतो

मग कानावर न विसंबता मोजमाप करावे, असे कोणी म्हणेल. संगणकावर सरासरी आवाज आणि शिखर यांतला फरक मोजणारी साधने मिळतात. त्यांनी सीडी आणि तबकडी मोजली की बहुधा तबकडीचा आकडा जास्त येतो. ‘पाहा, व्हिनाइलमध्ये जास्त चढउतार आहेत’ असा निष्कर्ष लगेच निघतो.

पण इथे एक गोम आहे. कापलेले सपाट शिखर कोरण्याच्या आणि वाजवण्याच्या साखळीतून गेले की त्यातल्या वेगवेगळ्या स्वरांची एकमेकांशी असलेली जुळणी थोडी सरकते. सपाट माथा तिरका होतो, त्याला टोक येते. साधनाला वाटते, शिखर वाढले. प्रत्यक्षात कापलेला भाग परत आलेला नसतो. त्याच दाबलेल्या आवाजापासून सीडी आणि तबकडी दोन्ही बनवल्या तरी हा फरक दिसतो.

तेव्हा सुरुवातीच्या भांडणाचा निवाडा असा करता येईल. रीमास्टर केलेली तबकडी सीडीपेक्षा सरस असू शकते, पण ती व्हिनाइल आहे म्हणून नव्हे. ती कोणत्या फितीवरून काढली, कोणी किती हात राखून मास्टरिंग केले आणि खाचेला किती जागा दिली, यावर ते ठरते. हे तिन्ही नीट झाले असेल आणि सीडी दाबलेली असेल, तर तबकडीच्या चाहत्यांचे खरे. दाबलेला आवाजच खाचेत गेला असेल, तर नाराज ग्राहकांचे खरे. आणि तोच हात राखून केलेला आवाज सीडीवर दिला, तर सीडीच्या खरखर नसलेल्या आवाजापुढे तबकडीला फारसे काही सांगता येणार नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

ध्वनीचा पाठ शिकवताना यातल्या तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली: एकच गाणे दोनदा वाजवा, दुसऱ्या वेळी आवाज किंचित वाढवून. ‘कोणते चांगले?’ एवढेच विचारा, आवाज बदलल्याचे सांगू नका. उत्तरे फळ्यावर मांडा आणि मग कारण सांगा. दोन आवृत्त्यांची तुलना करण्याआधी त्यांचा आवाज सारखा का करावा लागतो, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी: संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम घ्या. मुलांचेच बोलणे ध्वनिमुद्रित करा. माथे सपाट होतील इतका आवाज वाढवा आणि ती फाइल साध्या १६ बिटच्या स्वरूपात साठवा. मग ती पुन्हा उघडून आवाज कमी करा. लहर लहान होते, पण माथे सपाटच राहतात. गेलेली माहिती परत का येत नाही, याची चर्चा इथून सुरू करता येईल.

तिसरी: एखादी जुनी, वाजवण्याजोगी न उरलेली तबकडी मिळाली तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेच्या खाचा पाहा. वरून उजेड टाकावा लागेल. मुलांना दोन्ही त्रिज्या मोजू द्या आणि ५१ व २१ हे आकडे त्यांचे त्यांनाच काढू द्या. मग विचारा: संग्रहातले सर्वांत नाजूक गाणे तुम्ही कोणत्या जागी ठेवाल?